पहिला हात

सोनबर्डीत माणसांनी एकमेकांना हात लावणं सोडलं, त्याला अजून महिनासुद्धा झाला नव्हता. पण ती सवय अशी अंगवळणी पडली होती की जणू आजे-पणजेही तसेच वागत आले असावेत. दूधवाला पातेलं ओट्यावर ठेवायला सांगायचा आणि वरून धार सोडायचा. गिरणीतली बाई दळणाचा डबा पायाने पुढे सरकवायची. हळदीकुंकवाला कोणीतरी आइस्क्रीमच्या काड्या आणल्या. एकेकीला एकेका काडीने कुंकू लावायचं आणि काडी फेकून द्यायची. बायका त्यावर पोट धरून हसल्या. हसता हसता टाळी द्यायला उचललेले हात मात्र अर्ध्यातच खाली आले.

वैजयंता डहाळेला आधी या सगळ्याची गंमत वाटली. मग पोटाची काळजी लागली. कारण तिचा धंदाच मुळी दुसऱ्याचा हात धरण्याचा होता.

ती कासारीण. बाजारपेठेत मारुतीच्या देवळाला लागून तिचं बांगड्यांचं दुकान, वरती माळ्यावर घर. नवरा गेल्यावर विधवेच्या हातून चुडा कसा भरायचा म्हणून काहीजणींनी नाक मुरडलं होतं. पण वैजूकाकूसारखा हलका हात गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता, तेव्हा मुरडलेली नाकं हळूहळू सरळ झाली. समोरचीचा अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची पेरं दाबून दाबून मऊ करायची, "सैल सोड व माय, हात हाय का उलथनं?" असं म्हणून तिला हसवायचं, आणि ती हसली की तेवढ्यात काचेची बांगडी मनगटात. बायका तिच्याकडे बांगड्या भरायला येत, आणि निम्म्याजणी कोणीतरी हात हातात घ्यावा म्हणूनच येत. ते त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही.

आता दुकानात माश्याही येत नव्हत्या.

सगळं सुरू झालं ते धरणावरून. गावाच्या वरच्या अंगाला धरण होतं. त्याच्या काठी दोन वर्षांपूर्वी एक डेटा सेंटर उभं राहिलं. खिडक्या नसलेल्या पांढऱ्या इमारती, आत नुसती यंत्रं. ती यंत्रं दिवसरात्र तापायची, आणि त्यांना गार ठेवायला धरणाचं पाणी जायचं. गावात आठवड्यातून एकदा नळ येऊ लागला तेव्हा बायका धरणाच्या दरवाजासमोर ठिय्या मारून बसल्या. कॉलेजातली पोरं त्यांच्यात मिसळली. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. लाठी नाही, गोळी नाही, नुसतं पाणी. "उन्हाळ्यात अंघोळ घातली सरकारने," म्हणत लोक ओलेचिंब होऊन घरी परतले. काहीजण तर नाचत परतले.

त्या पाण्यात काय होतं हे चार दिवसांनी कळलं.

त्यात काचेचे कण होते, डोळ्यांना न दिसणारे, पिठाच्या कणाहूनही कितीतरी बारीक. प्रत्येक कणाच्या पोटात प्रयोगशाळेत बनवलेल्या डीएनएचा एक तुकडा. सजीवांच्या पेशीत असतो तसाच, पण कोणत्याही जिवाचा नाही, नुसता लिहिलेला. त्या तुकड्यावरची अक्षरं प्रत्येक फवाऱ्यासाठी वेगळी. म्हणजे अमुक माणूस अमुक दिवशी कुठल्या फवाऱ्याखाली उभा होता, हे त्याच्या कातडीवरच लिहिलं जायचं. हे कण कातडीच्या तेलात रुतून बसत. साबणाने जात नसत, रॉकेलने जात नसत. नखं बदलेपर्यंत राहत.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण हे कण स्पर्शाने पसरत. ओल्या माणसाने कोणाचा हात धरला की काही कण त्या हातावर जात, तिथून पुढच्या हातावर. दर वेळी थोडे कमी. किती कमी, यावरून यंत्राला हिशोब लागे: हा पहिला हात, जो स्वतः धरणावर होता. हा दुसरा, ज्याने पहिल्याला शिवलं. हा तिसरा. रेशन दुकानात, एसटी स्टँडवर, मंगल कार्यालयाच्या दारात सरकारने दिवे बसवले. दिव्याखाली दोन्ही तळवे धरायचे आणि पुढे जायचं. दिवा सगळ्यांना हिरवाच दिसे. कोणालाही तो काही सांगत नसे. मग दोन-चार दिवसांनी घरासमोर जीप थांबे.

नवा कायदाही आला. पहिल्या हाताला सहा महिने कोर्टापुढे उभं करायचं बंधन नाही. दुसऱ्या हाताला आश्रय दिल्याबद्दल अटक. तिसऱ्याची नुसती चौकशी, पण त्याच्या साखळीतला पहिला हात सापडेपर्यंत सुटका नाही. हे सगळं चाले ते गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये. त्याला आता 'पडताळणी केंद्र' म्हणत.

वानखडे मास्तर पहिला हात निघाले. निवृत्त माणूस, गुडघे दुखायचे, तरी जीपमध्ये स्वतःच्या पायांनी चढले. आठवड्याने परत आले ते चादरीत. फिट आली म्हणे. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या, आणि जाळण्याआधी त्या सोडायच्या नाहीत असं घरच्यांकडून लिहून घेतलं होतं.

*

शीतल गेडाम भर दुपारी दुकानात आली. पोलिसातली पोर. तिच्या लग्नाचा चुडा वैजयंतानेच भरला होता. पण आज ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ये ना व आत. मी काय करंट मारते?"

"नको काकू. आत मीच नाई येत." शीतलने इकडेतिकडे पाहिलं. "ठाकूरपुऱ्यातल्या वेदिका इंगोलेला उचललं. तिच्या दोन मावश्यांनाही. माहीत हाय ना?"

वैजयंताला माहीत होतं. वेदिकाचं लग्न पुढे दिव्यांपायी लांबणीवर पडलं होतं, पण त्याआधीच तिचा चुडा भरायला वैजयंता स्वतः गेली होती. इंगोल्यांच्या घरी मांडव, सगळं गणगोत जमलेलं. नवरीचा हिरवा चुडा झाला की घरातल्या एकेकीने हात पुढे करायचा आणि कासारणीने एकही हात मोकळा परत पाठवायचा नाही, ही रीतच होती. चाळीसेक बायकांना तिने भरल्या होत्या त्या दिवशी. म्हाताऱ्यांपासून रांगत्या पोरीपर्यंत.

"तिघीही तिसरा हात निघाल्या," शीतल म्हणाली. "चुड्याला आलेल्या बाकीच्या बायकाही तशाच. त्यांना अजून हात लावला नाई, पण नावं काढून ठेवली. आणि काकू, यंत्र सगळ्यांना जोडत जोडत मागं गेलं, तं एका जागी येऊन थांबलं."

"कुठं?"

शीतलने नुसतं वैजयंताच्या हातांकडे पाहिलं.

"रेशनच्या दिव्यात दिसलं, तुमी दुसरा हात हाय. साहेब तुमालेही उचलणार होते. मी म्हटलं, काकू स्वतः येतील. उद्या सकाळी या. ते एकच विचारतील. तुमच्या आधीचा हात कोणाचा." ती वळली आणि परत थांबली. "नाव सांगून टाकलं तं वेदिकाताई त्याच दिवशी घरी. बाकीच्याही मोकळ्या. तिसऱ्या हाताले ठेवत नाई."

ती गेली. वरती माळ्यावर फळी करकरली.

माळ्यावर ईश्वरी होती. वैजयंताची एकुलती एक लेक, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. धरणावरून परतली तेव्हा तिला हुडहुडी भरली होती. वैजयंताने शिव्या घालत घालत पदराने तिचं डोकं पुसलं, हातपाय चोळून गरम केले, कोपरापर्यंत तेल जिरवलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी इंगोल्यांच्या मांडवात जाऊन बसली. कोणाला काय ठाऊक होतं? त्यानंतर ईश्वरीला ताप भरला आणि ताप उतरेपर्यंत गावात दिवे लागले. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. तिचे हात अजून कोणत्याही दिव्याने पाहिले नव्हते.

*

संध्याकाळी प्रणिता इंगोले आली. वेदिकाची आई. शाळेपासूनची ओळख. ती दुकानासमोरच्या रस्त्यावरच उभी राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं तरी चालेल अशी.

"वैजू, मी भांडाले नाई आली."

"भांड ना. बरं वाटंल मले."

"पोरीच्या होणाऱ्या सासरच्यांनी आज हार-नारळ परत पाठवले. दिव्यात सापडलेली सून नको म्हणे. ते जाऊ दे. ती लहानपणापासून एकटी झोपत नाई व. मी कड बदलली तरी जागी व्हायची." प्रणिताने पदराने तोंड पुसलं. "तुले कोणी शिवलं होतं, तुलेच माहीत. मी नाव नाई विचारत. मले फक्त एवढं म्हणायचं की ते नाव तू घे."

प्रणिता निघून गेली. तिने माळ्याकडे वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परवडलं असतं, असं वैजयंताला वाटलं.

वरती गेली तर ईश्वरी चपला घालून बसलेली.

"मी ऐकलं सगळं. मी जाते."

"बस खाली."

"आई, माझ्यामुळे त्या..."

"मास्तरांच्या पट्ट्या पाहिल्या का तू? मी पाहिल्या. खाली बस."

"मग काय करशील? वेदिकाले तिथंच सडवशील?"

"तोंड बंद. मी पाहते काय करायचं ते."

"तू कायम असंच म्हणते. आणि मग काही पाहत नाई." ईश्वरीला रडू आलं. वैजयंताचा हात सवयीने पुढे गेला आणि पोरीने तो झटकून टाकला. हात दूर करण्याची ही सवय गावाची नव्हती. ती पोरीची स्वतःची होती.

वैजयंताच्या डोक्यात तेव्हाच ते आलं होतं. यंत्र कण मोजतं. ज्याच्या हातावर जास्त, तो पहिला. ईश्वरीच्या हातांवरचे कण इतक्या दिवसांत कातडीबरोबर निम्मे तरी झडले असतील. मग तिच्यापेक्षा जास्त कण आपल्या हातांवर असले तर? मग पहिला हात आपला. लेकीच्या अंगावर जे आहे ते आईकडून गेलेलं. लेक दुसरी ठरेल, अटक होईल, पण दुसऱ्या हातांना अजून कोणी चादरीत आणलं नव्हतं. आणि पहिला हात सापडला की वेदिका घरी.

हिशोब चांगला जमला होता. जन्मभर तिने काचा मोजल्या होत्या. माणसं कशी मोजतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

धरणावरची ईश्वरीची ओढणी जाळायची भीती वाटली होती, धुरातूनही पसरतं म्हणे, म्हणून ती मोडक्या कुकरमध्ये झाकण लावून मोरीच्या मागे ठेवलेली होती. उजाडताना पोर झोपेत असताना वैजयंताने ती काढली. ओढणीचा एक कोपरा कोमट पाण्यात भिजवला असता तरी काम झालं असतं. पण अर्धवट करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने अख्खी ओढणी पिळून पिळून त्या पाण्यात हात बुडवले, मेंदी लावावी तसं कोपरापर्यंत चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. मग माळ्याच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि निघाली.

*

पडताळणी केंद्रातले देवतळे साहेब बोलायला अगदी सभ्य माणूस. हातात पातळ हातमोजे. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. वैजयंताने दिव्याखाली हात धरले तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत पडद्याकडे.

"तुम्ही दुसरा हात होता ना?"

"चूक झाली असंल तुमच्या दिव्याची. धरणावर मीच होते."

"रेशनच्या दुकानात कमी का दिसलं?"

"तेव्हा हाताले तेल होतं. कासारणीच्या हाताले तेल असतंच, साहेब."

ते हसले. "वानखडे सरांचं याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. ते तर अगदी समोर बसले होते. तुम्ही काय, फवाऱ्यात डोकं घातलं होतं?"

"पुढंच होते मी. मीच बसवलं सगळ्यांना."

आता आपण सांगतो ते पक्कं व्हावं म्हणून तिने आणखी दोन-चार गोष्टी रंगवून सांगितल्या. साहेबांनी मधे एकदाही थांबवलं नाही. सगळं नोंदवून झाल्यावर त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. झाडाच्या मुळांसारख्या रेघा होत्या. मधोमध एक जाड लाल ठिपका. तिचं नाव. त्यातून चाळीसेक रेघा फुटलेल्या.

"यंत्र आता पुन्हा मांडणी करतंय," ते म्हणाले. "बघा."

ठिपके एकेक करून रंग बदलत होते. पिवळ्याचे केशरी होत होते.

"हे काय हाय?"

"तुम्ही दुसऱ्या होतात तेव्हा या बायका तिसऱ्या होत्या. तुम्ही पहिल्या झालात, म्हणजे त्या सगळ्या एक पायरी वर आल्या. दुसरा हात." त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "आणि पहिल्या हाताने एका दिवशी, एका जागी, चाळीस दुसरे हात धरले असतील, तर कायदा त्याला बांगड्या भरणं म्हणत नाही, बाई. संघटना म्हणतो."

"अवो साहेब, लग्न होतं ते! नवरीचा चुडा होता!"

"असेल. सभेला काहीतरी निमित्त लागतंच."

तिने सांगून पाहिलं. रडून पाहिलं. साहेबांनी फोन उचलला आणि गाड्या सोडायला सांगितल्या.

*

दुपारपर्यंत जिनिंगच्या आवारात बायका उतरवल्या जात होत्या. प्रणिता होती. तिच्या सासूबाईंना दोघींनी धरून आणायला हवं होतं, पण कोणी धरत नव्हतं, त्या काठी टेकत आल्या. रांगत्या पोरीला तिची आई कडेवर घेऊन उभी होती, आणि पोलिसाने त्या इवल्या तळव्यांवरही दिवा फिरवला. वेदिकाला आतून बाहेर आणलं. तिचे हात उघडे होते, पट्ट्या नव्हत्या. ती आईकडे धावली आणि हातभर अंतरावर येऊन थांबली. धावणाऱ्या माणसाला असं थांबलेलं वैजयंताने कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग फाटकातून ईश्वरी आत आली. कडी आतून तिने कशी तोडली कोण जाणे. हनुवटीला खरचटलं होतं. ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी आली आणि कोणी सांगायच्या आत दिव्याखाली हात धरले.

"धरणावर मी होते. आई घरी होती. तिनं माझं डोकं पुसलं, बस्स. या सगळ्यांचा काही संबंध नाही. यांना सोडा."

दिवा हिरवा झाला. साहेबांनी पडद्यावर पाहिलं.

"तुझ्या आईपेक्षा फार कमी आहे. तू दुसरा हात."

"मी पहिला आहे! माझ्याबरोबर बसलेल्यांना विचारा!"

"कोण बसलं होतं बरोबर? नावं सांग."

एकही नाव न घेता ईश्वरी वैजयंताकडे वळली.

"आई, सांग यांना."

चाळीस बायका वैजयंताकडे पाहत होत्या. तिला सगळं लख्ख दिसलं. आपण हो म्हटलं तर या घरी जातील. वेदिका जाईल, ही म्हातारी जाईल, कडेवरची ती पोर जाईल. आणि ईश्वरी आत जाईल, पट्ट्या बांधतात तिथे. नाही म्हटलं तर उलटं.

"आई," ईश्वरी परत म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "माझ्यासाठी सांग."

वैजयंता उभी राहिली.

"खरं बोलते ती," ती म्हणाली. "धरणावर तीच होती. मी घरी पोळ्या लाटत होते. आज सकाळी मी तिची ओढणी पिळून हाताले चोळली. लिहून घ्या. पहिला हात माझ्या लेकीचा."

एकही शब्द अडखळला नाही. आपण एवढं बोललो याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

देवतळे साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. काहीच लिहिलं नाही.

"बाई, सकाळी म्हणालात मी. आता म्हणता लेक. समोर एवढ्या बायका उभ्या दिसल्या की माणूस काहीही बोलतं. म्हणून तर माणसांना विचारणं आम्ही सोडून दिलं." त्यांनी हातमोजे नीट ओढून घेतले. "आणि यंत्राने लावलेला क्रम बदलायचा अधिकार मलाही नाही. मुलगी दुसरा हात. या बाई पहिला. बाकीच्या आहेत तशाच. घ्या सगळ्यांना आत."

ईश्वरी ओरडली. दोघी महिला पोलीस हातमोजे घालून तिला ओढू लागल्या. वेदिका रडायला लागली.

आणि वैजयंताच्या छातीतली काल दुपारपासूनची गाठ एकदम सुटली. ईश्वरी दुसरा हात. ईश्वरी जगणार. खरं सांगूनसुद्धा जगणार. तिने श्वास सोडला, मोठा, भरून आलेला. डोळे मिटले. तोंडावर समाधान असं पसरलं की झाकायला पदर घ्यायचंही तिला सुचलं नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

प्रणिता रांगेतून एक पाऊल पुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाळंतिणीची चौकशी करावी तसं तिने अगदी हळू विचारलं,

"वैजू, बरं वाटलं ना तुले?"

वैजयंताला नाही म्हणता आलं नाही.